व्हेक्टरचं चित्र आणि व्हेक्टरचा पत्ता

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे अकरा दिवस एका बेरजेपायी गेले.

आमच्या लॅबमध्ये धुळीच्या कणांचं एक सिम्युलेशन होतं, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं. कण एकमेकांवर आदळतात, काही फुटतात, काही एका जड कणाला जाऊन चिकटतात. कणांची संख्या कितीही वाढली तरी एकूण वस्तुमान तेवढंच राहिलं पाहिजे, शाळेत शिकलेला साधा नियम. माझ्या काही रनमध्ये ते तेवढंच राहायचं. काहींमध्ये किंचित कमी भरायचं. इतकं किंचित, की ग्रुप मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या: न्यूमेरिकल एरर असणार. मलाही ते पटलं. पेपरच्या मसुद्यात मी तसं एक सभ्य वाक्य लिहूनही टाकलं.

डीबगर उघडला नव्हता असं नाही. कितीतरी वेळा उघडला. कणांची यादी छापली, नीट दिसली. जड कण वेगळा छापला, तोही नीट दिसला. दोन्ही चित्रं स्वच्छ होती. चूक त्या दोन चित्रांच्या मधे कुठेतरी बसली होती.

पॉडकास्टच्या ताज्या भागात ही गोष्ट मी दोन मिनिटांत उरकली आणि सगळे हसले. चूक माझी होती, त्यात वादच नाही. पण ज्या चित्राकडे मी अकरा दिवस बघत होतो, त्याचं परीक्षण कधी कुणी करतं का? आपण सिनेमाचं करतो, पुस्तकाचं करतो, नव्या फोनचंही करतो. डीबगर मेमरीचं जे चित्र काढतो तेसुद्धा कुणीतरी काढलेलं असतं. काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. तर आज ते परीक्षण करू या. वस्तू एकच घेऊ: डायनॅमिक ॲरे, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणारी यादी. सी प्लस प्लसचा व्हेक्टर, पायथनची लिस्ट, गोची स्लाइस, सगळी एकाच कुळातली.

आठ पानांची पंगत

ज्यांचं हे रोजचं काम नाही त्यांच्यासाठी आधी थोडं पाल्हाळ. एका कार्यालयाच्या खोलीत आठ पानं मांडलीत आणि पाच माणसं जेवायला बसलीत. पाच ही यादीची लांबी, आठ ही तिची क्षमता. सहावा आला, बसला. सातवा, आठवाही बसले. नववा आला की पंचाईत. पंगत सलग असलीच पाहिजे अशी अट आहे, आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्या घरचं कार्य चालू आहे. मग काय करायचं? सोळा पानांची मोठी खोली घ्यायची, आठही जणांना उठवून तिकडे बसवायचं, नवव्याला त्यांच्या शेजारी बसवायचं आणि जुनी खोली कार्यालयाच्या ताब्यात परत द्यायची.

व्हेक्टर अगदी हेच करतो. जीसीसीसोबत येणाऱ्या लायब्ररीत व्हेक्टर म्हणजे फक्त तीन पत्ते: जागा कुठून सुरू होते, भरलेला भाग कुठे संपतो आणि मांडलेली जागा कुठे संपते. ६४-बिट मशीनवर एक पत्ता ८ बाइटांचा, म्हणजे सगळा मिळून २४ बाइटांचा कारभार. खरे कण दुसरीकडेच, हीपवर असतात. जागा संपली की ही लायब्ररी दुप्पट जागा घेते. मायक्रोसॉफ्टची दीडपट घेते. पायथनची लिस्ट मोठी झाल्यावर साधारण एक-अष्टमांशच जास्तीची मागते, तिचा हात जरा आखडता.

दुप्पट का? रिकाम्या व्हेक्टरमध्ये १००० वस्तू एकेक करून घातल्या तर तो दहा वेळा घर बदलतो आणि सगळ्या मिळून १०२३ वेळा वस्तू उचलून ठेवाव्या लागतात. म्हणजे दर वस्तूमागे सरासरी जेमतेम एक जास्तीची उचल. प्रत्येक वेळी एकेकच जागा वाढवली असती तर हाच आकडा पाच लाखांच्या घरात गेला असता. सौदा फायद्याचा आहे. त्याची किंमत एवढीच, की पत्ता बदलतो.

आता माझा बग. सुरुवातीला ४० कण मी एकेक करून यादीत घालत होतो, त्यामुळे क्षमता ६४ झालेली. त्यातल्या जड कणाचा पत्ता मी एका पॉइंटरमध्ये जपून ठेवला, वारंवार शोधायला नको म्हणून. आदळआपटीत नवे तुकडे यादीच्या शेवटी जात राहिले. पंचविसावा तुकडा आला, एकूण ६५ झाले, आणि पंगत दुसऱ्या खोलीत गेली. माझा पॉइंटर मात्र जुनी खोलीच दाखवत राहिला. पंगतीच्या भाषेत सांगायचं तर वाढप्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, "या खोलीत, तिसऱ्या पानावर आजोबा." सगळे उठून गेले, पण जुनी पानं अजून कुणी उचलली नव्हती. वाढपी इमानेइतबारे त्याच पानावर शिरा वाढत राहिला. आजोबा नव्या खोलीत उपाशी. माझं हरवलेलं वस्तुमान म्हणजे तो शिरा.

ज्या रनमध्ये पंचविसापेक्षा कमी तुकडे पडले, त्या बरोबर आल्या. बाकीच्या चुकल्या. भौतिकशास्त्राचा यात काडीचाही संबंध नव्हता.

कच्चं चित्र

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची या विषयाशी पहिली ओळख दोन अमेरिकन वस्तूंमधून होते. एक जीडीबी, जो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. दुसरी सी प्लस प्लसची स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी, जी अलेक्झांडर स्टेपानोव आणि मेंग ली यांनी पालो आल्टोच्या ह्यूलेट-पॅकार्ड प्रयोगशाळेत घडवली आणि जी १९९४ मध्ये भाषेच्या प्रमाण मसुद्यात घेतली गेली. व्हेक्टर त्याच लायब्ररीतला. दोघांचा जन्म वेगळ्या घरात झाला आणि बराच काळ एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती.

म्हणजे काय, तर जुन्या जीडीबीला व्हेक्टर छापायला सांगितला की तो आतलं लाकूडकाम दाखवायचा. महिरपी कंसांत कंस, बेस क्लासची लांबलचक नावं, अ‍ॅलोकेटर, आणि सगळ्यात आत ते तीन पत्ते: स्टार्ट, फिनिश, एंड ऑफ स्टोरेज. यादीत काय आहे? ते तुमचं तुम्ही काढा. स्टार्टचा पत्ता घ्या, पुढे ॲटचं चिन्ह लावा, किती हवेत तो आकडा लिहा, मग पाच आकडे दिसतील. लायब्ररीचं आतलं नाव आठवलं नाही तर तेही नाही.

हे चित्र वाईट होतं का? वाचायला भयंकर होतं. तीस वस्तूंची यादी तपासायला कुणी रोज एवढा खटाटोप करणार नाही. पण त्यात एक गोष्ट होती, जी मला अकरा दिवस हवी होती: पत्ता. तो तुमच्या डोळ्यांसमोर असायचा, तुम्हाला नको असला तरी. पुश-बॅकच्या आधी एकदा छापलं आणि नंतर एकदा छापलं, तर स्टार्टचा आकडा बदललेला दिसायचाच. गलिच्छ का होईना, खरं सांगणारं चित्र होतं ते.

सुबक चित्र

२००९ मध्ये जीडीबी ७.० आला आणि त्यात पायथन आलं. आता कुणालाही आपल्या डेटाचं चित्र कसं दिसावं हे ठरवता येऊ लागलं. या सोयीला प्रिटी-प्रिंटर म्हणतात. कल्पना जुनी होती. ब्रॅड मायर्स यांनी झेरॉक्स पार्कमध्ये केलेली इन्सेन्स नावाची प्रणाली १९८३ मध्येच मांडली होती, जी डेटाचं चित्र आपोआप काढायची आणि प्रोग्रामरला ते बदलूही द्यायची. पण रोजच्या वापरात ही चैन आली ती नंतर.

आज जीडीबीत व्हेक्टर छापला की उत्तर येतं: लांबी ५, क्षमता ८, आणि पुढे कंसात पाच वस्तू. किती सुख! लाकूडकाम गायब. एलएलडीबीत तर तेवढंही नाही. आकार ५, आणि खाली शून्य ते चार. क्षमतेचा उल्लेखच नाही. व्हिज्युअल स्टुडिओत २०१२ पासून नॅटव्हिस नावाच्या फाइलींवर हे चित्र चालतं. ओळीत आकार दिसतो, उघडलं तर क्षमता दिसते, आणि अगदी तळाशी 'रॉ व्ह्यू' नावाचं दार असतं, जे बहुतेक जण उघडत नाहीत.

या तिघांना मी गुण दिले तर जीडीबीला जास्त देईन, कारण लांबी आणि क्षमता शेजारी-शेजारी दिसल्या की निदान कळतं की अजून तीन पानं रिकामी आहेत, पुढच्या तीन भरतींपर्यंत घर बदलणार नाही. हे भविष्य आहे आणि ते एका ओळीत मिळतं. एलएलडीबी ते भविष्यच कापून टाकतो.

पण तिघांवरही माझा एकच आक्षेप आहे, आणि तो मोठा आहे. तिघांच्याही पहिल्या ओळीत पत्ता नाही. यादीत काय आहे आणि किती आहे एवढं सांगून ती थांबतात. कुठे आहे, आणि आधी कुठे होती, हे सांगत नाहीत. डायनॅमिक ॲरेचं वेगळेपण कशात आहे? त्याची जागा बदलते यात. साध्या ॲरेपासून त्याला वेगळं करणारी हीच एक गोष्ट आणि चित्रातून नेमकी तीच पुसलेली. सुबक चित्रात व्हेक्टर साध्या ॲरेसारखा दिसतो, थोडा लवचीक, बस. मेमरीतलं वास्तव गाळून प्रोग्रामरच्या डोक्यातली समजूतच त्याला परत दाखवली जाते. मी डीबगरकडे गेलो होतो ते माझी समजूत चुकली असेल म्हणून, आणि त्याने मला माझीच समजूत नीट इस्त्री करून परत दिली.

आणखी एक गंमत पाहा. माझा शिळा पॉइंटर मी छापला तेव्हा त्याच्यामागे एक धडधाकट कण दिसला, वस्तुमान-बिस्तुमान सगळं जागेवर. असं का? लिनक्सवरची ग्लिबसी मोकळी झालेली जागा पुसत बसत नाही. सुरुवातीचे काही बाइट स्वतःच्या नोंदींना वापरते, बाकीचं दुसऱ्या कुणी ती जागा मागेपर्यंत तसंच पडून असतं. यादी फार मोठी असती, तर तो तुकडा बहुधा थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडून आलेला असता, परत देताच नाहीसा झाला असता आणि माझा प्रोग्राम जागच्या जागी कोसळला असता. कोसळता तर बरं झालं असतं. छोट्या यादीने मला हळू आवाजात चुकीचं उत्तर दिलं.

मायक्रोसॉफ्टची डीबग हीप इथे चांगली वागते. मोकळ्या केलेल्या जागेत ती मुद्दाम डीडी डीडी असा हेक्स आकडा भरते आणि नव्या, अजून न भरलेल्या जागेत सीडी सीडी. ते आकडे कणाचं वस्तुमान म्हणून दिसले की डोळे उघडतातच. जुनी पानं लगेच उचलून खोलीला कुलूप लावण्यासारखं आहे हे. एवढीशी युक्ती, पण सुबक चित्रापेक्षा जास्त बोलते.

वर्गातलं चित्र

सी प्लस प्लस जुनाट, आम्ही पायथनवाले, असं म्हणणाऱ्यांनी एवढ्यात उठू नका. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत अनेकांनी फिलिप ग्वो यांचं पायथन ट्यूटर वापरलं असेल. २०१० मध्ये सुरू झालेलं हे साधन, ग्वो आता सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत. डावीकडे कोड, उजवीकडे चौकटी आणि बाण, एकेक ओळ पुढे जायचं, मागेही यायचं. मी टीए असताना किती मुलांना यावर समजावलंय त्याचा हिशेब नाही. अ ला ब म्हटलं की यादीची प्रत होत नाही, दोन नावं एकाच यादीकडे बोट दाखवतात, हे शब्दांत सांगायला पंधरा मिनिटं लागतात. पायथन ट्यूटरमध्ये दोन बाण एकाच चौकटीकडे जाताना दिसले की काम झालं. या एका गोष्टीसाठी त्याला पूर्ण गुण.

पण त्याच्या चित्रात लिस्ट म्हणजे आकड्यांनी भरलेल्या चिकटून असलेल्या चौकटी. खऱ्या सीपायथनमध्ये लिस्टच्या चौकटींत आकडे नसतात, आकड्यांचे पत्ते असतात. आणि शेवटी रिकाम्या चौकटीही असतात. पडताळून पाहायचं तर आत्ता पाहा. रिकाम्या लिस्टवर गेट-साइझ-ऑफ चालवा: आजच्या ६४-बिट पायथनवर ५६ बाइट. एक वस्तू जोडा: ८८. दुसरी, तिसरी, चौथी जोडा: ८८च. पाचवी जोडा: १२०. म्हणजे पहिल्या वस्तूबरोबर चार जागा घेतल्या, पाचवीला आठ झाल्या. हा आकडाही अर्धवट खरा आहे, कारण आत ठेवलेल्या वस्तूंचं वजन तो धरत नाही. शंभर एमबीचा एकच मजकूर लिस्टमध्ये टाका, लिस्ट तरीही शंभरेक बाइटच सांगेल. मेमरी का संपली म्हणून शोधणाऱ्या किती जणांची या फंक्शनने दिशाभूल केली असेल!

मग पायथन ट्यूटर चुकीचं आहे का? मी तसं म्हणणार नाही. पायथनमध्ये लिस्टने घर बदललं तरी तुमच्या हातात जुना पत्ता उरत नाही. तुमच्याकडे लिस्टचा पत्ता असतो, आतल्या खोलीचा नसतो. तिथे रिकाम्या चौकटी गाळणं हा योग्य निवाडा आहे, पहिल्या वर्षाच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही. अडचण पुढे येते. तेच चित्र डोक्यात घेऊन मूल तिसऱ्या वर्षी सी प्लस प्लसच्या वर्गात जातं, आणि तिथला डीबगरही त्याला तसंच सुबक चित्र दाखवतो. भाषा बदलली, धोका बदलला, चित्र तेच. एका चित्राला जे गाळणं शोभतं ते दुसऱ्याला शोभत नाही.

दोन पंगती, एकच खोली

पत्ता नसण्याचा तोटा सगळ्यात स्वच्छ दिसतो तो गो भाषेत. गोची स्लाइस म्हणजे पत्ता, लांबी आणि क्षमता. समजा अ ची लांबी ३, क्षमता ४. अ ला १० जोडून ब केलं. मग त्याच अ ला २० जोडून क केलं. ब च्या शेवटी काय आहे? १० म्हणाल तर फसलात. २० आहे. कारण चौथं पान रिकामं होतं, ब ने तिथे १० बसवले आणि क ने त्याच पानावर २० बसवले. ब आणि क एकाच खोलीत आहेत. क्षमता आधीच ३ असती, तर दोघांनी वेगवेगळ्या खोल्या घेतल्या असत्या आणि उत्तर १० आलं असतं. म्हणजे तोच कोड, क्षमतेच्या एका आकड्यावर अर्थ बदलतो.

गोचा डीबगर डेल्व्ह लांबी आणि क्षमता दोन्ही छापतो, याबद्दल त्याचं कौतुक. पण ब ची ओळ वेगळी, क ची ओळ वेगळी. दोघे एकाच जमिनीवर उभे आहेत हे त्या ओळी वाचून कळत नाही. पायथन ट्यूटरने जे पोराटोरांना दोन बाणांनी दाखवलं, तेच व्यावसायिक साधनात नाही. हे मला खटकतं. सामायिक जागा दाखवण्याची कला आपल्याकडे आहे, आपण ती वर्गातच ठेवून येतो.

काळ दाखवणारी साधनं

माझा बग शेवटी सापडला तो एका मैत्रिणीमुळे. शेजारच्या टेबलावरून ती म्हणाली, "अगं, ॲड्रेस सॅनिटायझर लावून पाहिलास का?" नव्हतं पाहिलं. डीबगर असताना ते कशाला, असं वाटायचं. कंपाइल करताना एक पर्याय जोडला, प्रोग्राम साधारण दुपटीने हळू झाला आणि पंचविसाव्या तुकड्यानंतर लगेच थांबला.

ॲड्रेस सॅनिटायझर गूगलमधल्या संशोधकांनी केला, त्याचा पेपर २०१२चा. मेमरीच्या दर ८ बाइटांमागे एक बाइट तो स्वतःच्या वहीत ठेवतो: ही जागा वापरायला मोकळी की बंद. सोडलेली जागा तो लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ विलगीकरणात ठेवतो. पण मला भावला तो त्याचा अहवाल. त्यात तीन याद्या होत्या. चुकीचा वापर कुठे झाला. ही जागा कुणी सोडली. आणि मुळात ती कुणी घेतली होती. मधल्या यादीत वरून काही ओळी खाली माझाच पुश-बॅक उभा होता.

अकरा दिवस मी विचारत होतो, "इथे काय आहे?" हा अहवाल सांगत होता, "इथे काय घडलं." तो चित्र वगैरे काढत नाही, नुसता ओबडधोबड मजकूर आहे, रंग सोडले तर सजावट नाही. तरी डायनॅमिक ॲरेचं मी पाहिलेलं सगळ्यात प्रामाणिक वर्णन तेच. कारण त्यात जागाही आहे आणि काळही.

काळ मागे नेणारी साधनंही आहेत. मोझिलात तयार झालेलं आरआर २०१४ मध्ये खुलं झालं: रन एकदा नोंदवायची, मग उलटी चालवायची. व्हेक्टरच्या स्टार्ट पत्त्यावर पहारा बसवून मागे गेलं की तो नेमका कोणत्या ओळीत बदलला ते दिसतं. गमतीचा भाग असा, की उलटं चालायची सोय जीडीबीच्या त्याच ७.० आवृत्तीत आली होती, जिच्यात पायथन आलं. सुबक चित्र घरोघरी पोचलं. उलटं चालणं मागे पडलं, हळू होतं हे कारण खरंच, पण मला वाटतं आपल्यालाही नीटनेटकं जास्त आवडतं.

बचाव ऐकून घेऊ

सुबक चित्राच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. डीबगर उघडणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना यादीत काय आहे एवढंच हवं असतं. प्रत्येक ओळीत लांबलचक हेक्स पत्ते ओतले तर नऊ जणांचे डोळे दहाव्यासाठी शिणतील. शिवाय कच्चं बघायची सोय आहेच: जीडीबीत छापताना तिरपी रेघ आणि आर लिहायचं, झालं. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं तर आणखी कडक: "चित्रात काय शोधतोस? पॉइंटर जपून ठेवलासच का? अनुक्रमांक ठेवायचास, किंवा आधीच रिझर्व्ह करायचंस." बरोबर आहे तिचं. आणि रस्टवाले म्हणतील, आमच्याकडे आतल्या वस्तूचा संदर्भ वापरात असताना यादीत भर घालूच देत नाहीत, कंपायलरच अडवतो. तेही बरोबर.

पण प्रश्न माझ्या एका सिम्युलेशनपुरता नाही. क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये सांगितलं की त्यांच्या गंभीर सुरक्षा-बगांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या असुरक्षित वापरातून येतात आणि त्यांतले निम्मे 'सोडल्यानंतर वापरलं' या जातीचे असतात. म्हणजे जुन्या खोलीत शिरा वाढणारे. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या सायबर संचालक कार्यालयाने अहवाल काढून मेमरी-सुरक्षित भाषांकडे वळा असं आवाहन केलं. वळायला हवंच. पण आपल्यापैकी जे लॅबमध्ये वीस वर्षांचा सी प्लस प्लस कोड वारसाहक्काने घेऊन बसलेत, ते उद्या सकाळी वळणार नाहीत. त्यांच्या हातात तोपर्यंत डीबगरच आहे.

आणि कच्चं बघायची सोय आहे हा बचाव मला अर्धाच पटतो. ती सोय तेव्हाच वापरली जाते, जेव्हा आधी शंका येते. स्वच्छ चित्र शंका येऊ देत नाही. सगळं दाखवा असं माझं म्हणणं नाहीच. मागणी लहान आहे. व्हेक्टरच्या ओळीत लांबी आणि क्षमतेच्या शेजारी सुरुवातीचा पत्ता असावा. मागच्या थांब्यापासून तो बदलला असेल तर एक खूण असावी, व्हिज्युअल स्टुडिओ बदललेला आकडा लाल करतो तशी. आणि दोन याद्या एकाच जागेवर असतील तर ते सांगावं. जीडीबीचा प्रिंटर पायथनमध्ये आहे, पहिली मागणी तर आपल्यातलं कुणीही एका दुपारी स्वतःपुरती पुरी करू शकेल. मी केली. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं, तीन पत्ते आधीच तिथे होते, त्यातला पहिला छापायचा होता.

तोवर तीन सवयी. आतल्या वस्तूचा पत्ता जपून ठेवलात तर त्याच क्षणी स्टार्टचा पत्ताही लिहून ठेवा आणि अडलं की दोन्ही ताडून पाहा. ॲड्रेस सॅनिटायझर शेवटचा उपाय म्हणून ठेवू नका, पहिल्या दिवसापासून चाचण्यांमध्ये लावा. आणि बग फक्त मोठ्या किंवा फक्त लहान इनपुटवर येत असेल, तर ६४, १२८ असल्या आकड्यांच्या आसपास रन करून पाहा. ६४ ला बरोबर आणि ६५ ला चूक असं निघालं तर निम्मं काम झालं.

पेपरच्या मसुद्यातलं ते न्यूमेरिकल एररचं वाक्य मी काढलं. सगळ्या रन पुन्हा केल्या, त्याला आणखी तीन आठवडे लागले. दोन आकृत्या बदलल्या, एक निष्कर्ष मवाळ करावा लागला. गाइडना जाऊन सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "डीबगरमध्ये दिसलं कसं नाही?" मी म्हटलं, दिसत होतं सगळं नीट. तेच अडलं होतं.